लिस्बनची नऊ पानं

शुभा चौबळ लिस्बनला गेली, त्याचं कारण एवढंच की तिकीट परत होत नव्हतं.

तिकिटं दोन होती. नवऱ्यानं, म्हणजे नीलकंठनं, ती नऊ महिने आधी, ऑगस्टच्या सेलमध्ये काढून ठेवली होती. ऑक्टोबरात एका शनिवारी सकाळी कुंपणाची झाडं कापता कापता तो मटकन खाली बसला, आणि अँब्युलन्स न्यूझीलंडमधल्या त्या टिटाही बे उपनगराचा चढ चढून येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. पुढे मृत्यूचा दाखला पाठवल्यावर विमान कंपनीनं त्याच्या तिकिटाचे पैसे सभ्यपणे परत केले. तिच्या तिकिटाचे केले नाहीत, कारण ती जिवंत होती. नियमच तसा होता, आणि नियमाबद्दल तिची काही तक्रार नव्हती. तक्रार करायलाही माणसाला आधी काहीतरी वाटावं लागतं.

शुभाला त्या शनिवारपासून काहीच वाटत नव्हतं. अंत्यविधीच्या हॉलमध्ये वेलिंग्टनहून मराठी मंडळाची माणसं आली होती, नीलकंठच्या ऑफिसातले साहेबलोक टाय लावून आले होते, त्याच्या हाताखाली काम करणारा रणजित भिंतीला टेकून हमसून हमसून रडत होता; आणि शुभा आलेल्यांना चहा मिळाला की नाही ते बघत होती. तेरा दिवस घरी डबे येत राहिले. कुठल्या डब्यात काय आहे ते न बघता ती जेवत राहिली. ठाण्याहून बहीण रोज फोन करायची आणि रोज तेच विचारायची, रडलीस का, मोकळी हो बाई एकदा. शुभानं अंघोळीच्या वेळी प्रयत्नसुद्धा करून पाहिला. घसा खाकरल्यासारखा आवाज निघाला, तेवढाच.

तिसऱ्या आठवड्यात ती कामावर गेली. पोरिरुआतल्या एका औषधांच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून, वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांसाठी आठवडाभराच्या गोळ्यांची पाकिटं भरायची, हे तिचं काम. सोमवार सकाळ, दोन पांढऱ्या एक पिवळी. सोमवार दुपार, एक गुलाबी. कप्पा भरायचा, पुढे सरकायचं. दुकानातली मालकीणबाई म्हणाली, हवी तेवढी रजा घे. शुभा म्हणाली, नको, इथे बरं आहे.

एकच प्रश्न मात्र तिच्या डोक्यात ठाण मांडून बसला होता, आणि तो ती कुणाला विचारूही शकत नव्हती. तीस वर्षांत या माणसानं एकदा तरी आपला विचार केला होता का? रागानं नव्हे, अगदी कोरडेपणानं ती स्वतःला हे विचारायची. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, विडीकाडी नाही, आवाज कधी चढला नाही. नाकासमोर चालणारा. पण नाकासमोर चालणाऱ्याला शेजारी कोण चालतंय ते दिसतं का, हा तिचा सवाल होता. आणि जोवर ते कळत नाही, तोवर रडायचं तरी नक्की कुणासाठी?

पुरावा काही नीलकंठच्या बाजूनं नव्हता. हे टिटाही बेचं घरच घ्या. टेकडीवर, रस्त्यापासून एकतीस पायऱ्या. स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं. शुभाचे गुडघे तेव्हापासूनच कुरकुरायला लागले होते, आणि पिशव्या घेऊन ती अठराव्या पायरीवर थांबली की वरून नीलकंठ म्हणायचा, व्यायाम होतो. पंचविसाव्या वाढदिवसाला, लग्नाच्या, त्यानं तिला बॅटरी दिली होती. चांगली, जर्मन, पाण्यात न बिघडणारी. श्रिया, त्यांची मुलगी, तेव्हा शाळेत होती. तिनं ती बॅटरी पेटवून आईच्या तोंडावर मारली आणि विचारलं, आर यू हॅपी, आई? तिघंही हसली होती. शुभा जरा उशिरा हसली.

नीलकंठ मूळचा रेवदंड्याचा. आधी पुण्यात महापालिकेच्या ड्रेनेज खात्यात होता, मग शहाण्णव साली इमिग्रेशनचे पॉइंट्स जमवून बायको-मुलीसकट न्यूझीलंडला आला आणि इथेही पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या पाइपांचीच कामं करू लागला. रेवदंड्याचा तट पोर्तुगीजांनी बांधलेला. त्या तटाच्या सावलीत त्याचं लहानपण गेलं, त्यामुळे लिस्बन बघायचं हे खूळ त्याच्या डोक्यात फार जुनं. ज्यांनी आमच्या गावाला भिंत घातली त्यांचं स्वतःचं गाव कसं आहे ते एकदा बघून येऊ, असं तो दर दोन-चार वर्षांनी म्हणायचा आणि मग घराचे हप्ते, श्रियाची फी, छपराचे पत्रे असं काहीतरी निघायचं.

त्याच्याबरोबर सहलीला जाणं म्हणजे शिक्षा होती, हे घरात कुणी बोलत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं. तो आधी वही करायचा. प्रत्येक ठिकाणाचं नाव आणि पुढे आकडा. टेकापो तळं पंचवीस, चहा बारा, चर्च आठ. आकडे म्हणजे मिनिटं. पंचविसावं मिनिट सरलं की हा गाडीपाशी जाऊन किल्ल्या वाजवायला लागे. निळंशार तळं समोर, शुभानं नुकते कुठे पाय मोकळे सोडलेले, आणि मागून खुळखुळ. श्रिया त्याला तोंडावर 'टायमर' म्हणायची. तो म्हणायचा, टायमर होता म्हणून अख्खं साउथ आयलंड नऊ दिवसांत झालं. ते खरंही होतं.

लिस्बनचीही वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, नऊ दिवसांची नऊ पानं. शेवटचं वर्षभर संध्याकाळी जेवण झालं की तो कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि आकाशातून काढलेले कसले तरी फोटो पुढेमागे सरकवत राहायचा. शुभा म्हणायची, निवृत्तीला आलेला माणूस पोरांसारखा खेळतोय. तो मान न वळवता हूं म्हणायचा.

मेमध्ये निघायची वेळ आली तेव्हा मंडळात कुजबुज झाली. नवरा जाऊन वर्ष नाही झालं आणि बाई युरोपला. श्रिया ख्राइस्टचर्चला शिकत होती, तिनं फोनवर निकाल देऊन टाकला. म्हणाली, "आई, जस्ट गो. तिकीट वाया घालवलंस तर बाबा वुड नेव्हर फर्गिव्ह यू." शुभाला ते पटलं. जाण्यात तिला रस नव्हता, पण न जाण्यातही नव्हता, आणि न जायचं तर चार लोकांना कारण द्यावं लागलं असतं. तिनं तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, मेतकुटाची पिशवी भरली, वही पर्समध्ये टाकली आणि निघाली. ऑकलंड, हाँगकाँग, लंडन, लिस्बन. एकटीनं विमानप्रवास ती पहिल्यांदाच करत होती. आधी दर वेळी पासपोर्टसुद्धा नीलकंठच्या खिशात असायचा. भीती वाटेल असं तिला वाटलं होतं, ती वाटली नाही.

राहायची सोय स्वस्तातली होती, पण गावाच्या मधोमध, सपाटीवर. तिसऱ्या मजल्यावर जुनं लॉज, दोन अरुंद पलंगांची खोली, जाळीच्या दाराची म्हातारी लिफ्ट. मालकाबरोबरचा नीलकंठचा ईमेलचा पत्रव्यवहार वहीत चिकटवलेला होता. त्यात त्यानं तीनदा विचारलं होतं, लिफ्ट नक्की चालते ना. सामान उचलायला नको म्हणून विचारलं असेल, असं शुभाला वाटलं. खिडकीजवळचा पलंग तिनं रिकामा ठेवला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. दोघांचे पैसे भरलेले होते म्हणून सकाळी नाश्त्याला दोन पाव येत, त्यातला एक ती रुमालात बांधून घेई.

पहिल्या पानावर लिहिलं होतं: ट्राम २८ ने ग्रासापर्यंत. ग्रासाची गच्ची ७९. जुन्या चर्चचा कोपरा ६१. कॅथेड्रल ३७. खालचा चौक ८.

बस्स, इतकंच. काय बघायचं, का बघायचं, काही नाही. शुभानं घड्याळ बघितलं आणि ट्राममध्ये चढली.

पिवळी, लाकडी, खेळण्यातली वाटावी अशी ती ट्राम करकरत उभा चढ चढली आणि तिला एका चर्चसमोरच्या उघड्या गच्चीवर सोडून गेली. खाली लाल कौलांचं गाव, पलीकडे समुद्राएवढी रुंद नदी, बाकावर म्हातारी माणसं. शुभा बसली. एकोणऐंशी मिनिटं. इतका वेळ एका जागी बसवायची ही नीलकंठची पहिलीच वेळ, त्यामुळे ती जरा चकित झाली. पण लिहिलंय ना, मग बसायचं. पहिल्या वीस मिनिटांत बघण्यासारखं होतं ते बघून झालं. मग ती बाकावरच्या बायकांच्या चपला बघत बसली. शेजारी एक आजीबाई मटाराच्या शेंगा सोलत होत्या, त्यांनी चार दाणे हिच्या हातावर ठेवले. शुभानं त्यांना एक पुरी दिली. त्यांनी ती हुंगून पदराआड ठेवावी तशी एप्रनच्या खिशात ठेवली. एकोणऐंशी झाली तशी शुभा उठली.

जुन्या चर्चचा कोपरा म्हणजे नुसता कोपरा होता. एक वळण, एक नळ, एक बंद दुकान. तिथे एकसष्ट मिनिटं. काय दिसलं असेल या माणसाला इथे? ती दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. दुकानदार बाहेरून आला, कुलूप उघडलं, हिला बघून काहीतरी विचारलं. ती म्हणाली, "वेटिंग." तो म्हणाला, ओके, आणि आत गेला. कुणाची वाट बघतेय हे त्यानं विचारलं नाही ते बरं झालं.

असे दिवस जायला लागले. दुसऱ्या दिवशी बसनं थेट किल्ल्याच्या दारात, किल्ला १०२. तिसऱ्या दिवशी उभ्या चढावर दोरीनं ओढलेल्या ट्रामनं वरच्या बागेत, बाग ६८. मग गल्लीबोळांतून खाली, प्रत्येक ठिकाणी आधीपेक्षा थोडा कमी वेळ, आणि शेवटी नदीकाठ आला की पाच, चार, सहा. दिवसाच्या अखेरीला जिथे खरंच टेकावंसं वाटावं, तिथे बूड टेकवायच्या आत उठायची वेळ. आणि सकाळी ताजीतवानी असताना नुसतं बसवून ठेवायचं. आयुष्यभराचं गणित उलटं, तेच इथेही, असं तिच्या मनात येई. पण त्यावर चिडणं काही होत नसे. गोळ्यांची पाकिटं भरावीत तशी ती ठिकाणं भरत होती. सकाळ मोठी, दुपार मध्यम, संध्याकाळ छोटी.

एक गोष्ट तिला खटकली. दोन स्टॉप आधी उतरून चालत जाणारा हा माणूस, पण वहीत जागोजागी लिहिलेलं, ट्राम, बस, लिफ्ट. एके ठिकाणी तर नुसता एवढासा चढ, समोर रस्ता दिसतोय, आणि लिहिलंय: इथे चालू नये, लोखंडी लिफ्टने जावे. त्या लिफ्टला केवढी तरी रांग होती. शुभा निमूट रांगेत उभी राहिली. म्हातारपणी कंटाळला असेल चालायला, दुसरं काय.

पाचव्या दिवशी नदीजवळच्या एका रस्त्यावर ती वाळवलेल्या माशांच्या दुकानासमोर उभी राहिली. फळ्यांसारखे मासे, मिठानं पांढरे झालेले, एकावर एक रचलेले. वास थेट रेवदंड्याच्या बाजाराचा. लग्न होऊन पहिल्यांदा सासरी गेली तेव्हा सासूनं याच वासाच्या फडताळातून सोडे काढून तिला निवडायला बसवलं होतं. आता गळा दाटून येईल म्हणून ती मुद्दाम तिथे थांबली. दुकानातल्या माणसानं पाव किलो तोडून देऊ का असं हातानं विचारलं. गळा दाटला नाही. तिनं मान हलवली आणि पुढे गेली. गुडघेही दुखत नव्हते, हे तिच्या त्या रात्री लक्षात आलं. सगळंच बधिर झालंय तर गुडघे तरी कसे दुखतील, असं म्हणून तिनं आणलेली तेलाची बाटली न उघडता परत बॅगेत ठेवली.

नववं पान सगळ्यांत लहान होतं. ट्राम १५ ने बेलें. मठ ९. नदीकाठ, बुरुजाजवळ ३. इथून जहाजं सुटायची.

या शेवटच्या तीन शब्दांवर ती थबकली, कारण नऊ पानांत आकडे आणि सूचना सोडून तेवढंच एक वाक्य होतं.

मठात वास्को द गामाची कबर होती. नऊ मिनिटांत तिनं ती बघितली. नदीकाठी आली तेव्हा दुपार कलली होती. पाण्यात पाय सोडून उभा असल्यासारखा पांढरा बुरूज, वारा पडलेला, आणि दगडी कट्टा उन्हानं छान तापलेला. ती बसली. पाण्याला रेवदंड्याच्या खाडीचा रंग होता. नीलकंठ पोरवयात तिथे तटावर बसून बोटी मोजायचा, हे त्यानं तिला कधीतरी लग्नाच्या नव्या दिवसांत सांगितलं होतं आणि ती ते विसरून गेली होती. ते आत्ता आठवलं. बोटींचा आकडासुद्धा त्यानं सांगितला होता, तो काही आठवेना. बसावं इथे, असं तिला वाटलं. सात महिन्यांत पहिल्यांदा तिला काहीतरी करावंसं वाटत होतं.

तिनं घड्याळ बघितलं. तीन मिनिटं झाली होती. ती उठली, कपडे झटकले आणि ट्रामच्या थांब्याकडे चालू लागली.

दोन दिवसांनी ती पोरिरुआत होती, आणि सोमवारी सकाळी दोन पांढऱ्या एक पिवळी.

जूनच्या एका रविवारी रणजित आला. नीलकंठची तांत्रिक पुस्तकं ऑफिसला देऊन टाकायची असं ठरलं होतं, ती न्यायला. रणजित पुण्याचा, तिशीतला. चार वर्षांपूर्वी इथे आला तेव्हा नीलकंठनं त्याला हाताला धरून काम शिकवलं होतं. दक्षिणेचा वारा सुटला होता, खिडक्या वाजत होत्या. त्यानं खोकी भरून एकतीस पायऱ्यांवरून खाली गाडीत नेऊन ठेवली, शुभानं चहा केला. लिस्बन कसं होतं म्हणून त्यानं विचारलं. शुभा म्हणाली, छान होतं. मग तिनं वहीच त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, हे बघ, तुझ्या सरांचं शेवटचं काम.

रणजितनं पहिलं पान वाचलं आणि हसला. दुसरं उलटलं. तिसऱ्यावर त्याचं हसू गेलं. मग तो पुन्हा पहिल्या पानाशी आला आणि आकड्यांवरून बोट फिरवत खाली उतरत गेला. एक एक करत नऊही पानं त्यानं तशीच बघितली. शुभाला वाटलं, आठवण येतेय बिचाऱ्याला.

"काकू," तो म्हणाला, "या लेव्हल्स आहेत."

शुभाला कळलं नाही. तेव्हा त्यानं समजावून सांगितलं. हे आकडे म्हणजे उंची. समुद्रसपाटीपासून ती जागा किती मीटर वर आहे, ते. त्यांच्या ड्रॉइंगवर लेव्हल लिहिताना पुढे मीटर वगैरे लिहायची पद्धत नाही, नुसता आकडा टाकतात, सरांच्या हाताला तीच सवय. हे बघा, एकोणऐंशीवर ट्राम सोडते, मग एकसष्ट, सदतीस, आठ. दुसरा दिवस, एकशेदोन, मग खालीच. रोज सगळ्यांत उंच जागी चाकावर बसून जायचं आणि मग पायी फक्त उतरायचं. आणि उतारसुद्धा कसे, तर लांबून वळसा घेऊन जाणारे, जिथे पायऱ्या आहेत ते रस्ते टाळलेत. जिथे एवढासा चढ येतो तिथे लिफ्ट. नऊ दिवसांत एकदाही चढ नाही. आणि ते गाव म्हणे सात टेकड्यांवर वसलेलं.

"आम्ही याला ग्रॅव्हिटी लाइन म्हणतो. कुठेही पंप न लावता पाणी आपोआप खालपर्यंत जातं, तशी. काढायला फार किचकट असते, काकू. वर्षभर करत होते ते हे. कॉम्प्युटरवर उंची कशी बघायची ते मीच दाखवलं होतं त्यांना. मी विचारलं, कुठलं काम आहे, तर म्हणाले, खासगी आहे. जुना पाइप आहे, प्रेशर घेत नाही, जपून न्यायचाय."

शुभाचे हात मांडीवर होते, ते तिनं उचलून गुडघ्यांवर ठेवले. नऊ दिवस दुखले नव्हते ते गुडघे. परत आल्यावर पहिल्याच दिवशी दूध आणायला डेअरीत जाऊन आली तेव्हा अठराव्या पायरीवर दुखले होते, आणि तेव्हाही तिच्या डोक्यात काही उजेड पडला नव्हता. तीस वर्षांचा जो प्रश्न कुणाला विचारता येत नव्हता, त्याचं उत्तर ती पर्समध्ये घालून लिस्बनभर हिंडली होती. दर ठिकाणी उघडून वाचलं होतं.

"तुम्हाला काय वाटलं होतं, कसले आकडे आहेत?" रणजितनं विचारलं.

"मिनिटं," शुभा म्हणाली.

त्याला आधी समजलं नाही. मग समजलं, आणि त्यानं वहीतून मान वर केली नाही. त्यानं शेवटचं पान उघडलं. तिथला आकडा त्यानं वाचला, पण मोठ्यानं नाही.

"तीनच मिनिटं बसले मी तिथे," शुभा म्हणाली. "मला बसायचं होतं रे. पाणी खाडीसारखं होतं. तीन झाली आणि मी उठले."

रणजित हळू आवाजात म्हणाला की पुन्हा जाता येईल, आजकाल तिकिटं स्वस्त मिळतात. ते तिला ऐकूच गेलं नाही. तिच्या कानांत रक्त चढत होतं, मान तापत होती, आणि हे काय होतंय ते तिला क्षणभर ओळखता येईना, कारण त्याला फार महिने झाले होते. तिला राग आला होता. साधा, सणसणीत, नवऱ्यावर यावा तसा.

"जुना पाइप म्हणाले मला," ती म्हणाली. मग रणजितकडे न बघता, भिंतीकडे न बघता, फोटोकडेही न बघता, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून ती बोलायला लागली. "तोंड शिवलं होतं का तुमचं? एका शब्दानं सांगायला काय झालं होतं? शुभे, तुझे गुडघे दुखतात म्हणून असं केलंय. एवढंच. मी काय खाल्लं असतं तुम्हाला? पंप नाही, प्रेशर नाही, परक्या पोराला सगळं सांगता आणि मला आकडे. मी त्या कोपऱ्यावर तासभर नळ बघत बसले, अहो. तासभर. आणि नदीवर मला तीन मिनिटांत उठवलंत."

आवाज चढला होता आणि चढता चढताच मध्ये फुटला. मग ती रडली. आठ महिने नाही, तीस वर्षं साठल्यासारखी रडली, पदर, रुमाल, टेबलावरचा पुसायचा कपडा, हाताला लागेल ते तोंडाला लावून. रडता रडता थांबायची, खुर्चीकडे बघून आणखी एक ठेवणीतली शिवी हासडायची आणि पुन्हा सुरू व्हायची. रणजित गार झालेल्या चहाचा कप हातात धरून तसाच बसून होता; उठून निघावं, की पाणी आणून द्यावं, की नवराबायकोच्या भांडणात आपण पडू नये, यातलं काही त्याला ठरवता येत नव्हतं.